हुरडा कुठं मिळेल?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



माझी भाची आणि तिचा नवरा पुण्यात नोकरी करतात. दोघांनी दोन वर्षं पैसे साठवले होते, स्पेनला जायचं म्हणून. स्पेन म्हटलं की आमच्यासारख्यांना ग्रॅनडाचा अलहम्बरा आठवतो आणि कुर्तबाची मशीद आठवते. त्या मशिदीवर इक्बालांनी कविताच लिहिली आहे. पण भाचीला तिथं जायचं नव्हतं. "मामू, तिथं सगळेच जातात," ती म्हणाली. तिनं शोधून काढलेला प्रांत होता एक्स्त्रेमादुरा. पोर्तुगालच्या सीमेला लागून असलेला, ओकच्या झाडांचा, गुराख्यांचा आणि मेंढपाळांचा कोरडा मुलूख. त्या देशातले लोकही सुट्टीला फारसे तिकडे वळत नाहीत म्हणे. चार दिवस तिथल्या खेड्यांतून फिरायचं, तिथलं जेवायचं, एवढाच त्यांचा बेत.

मग सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. साठवलेले पैसे तिकडे गेले. रजा मात्र मंजूर झालेली होती. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. मी फोनवर म्हटलं, "या वाशीमला. ओळखीचा नसलेला प्रांतच बघायचा आहे ना? आमच्या जिल्ह्याइतका अनोळखी दुसरा कुठं मिळणार?"

थट्टेत बोललो, पण ती खरोखर आली.

आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके. वर्तमानपत्रात आमचं नाव येतं ते बहुतेक वेळा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, नाहीतर मागासलेपणामुळे. २०१८ साली नीती आयोगानं देशातले जे आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत आम्ही आहोत. आकांक्षित हा शब्द मोठा गोड आहे. मागास म्हटलं की लोक रागावतात. आता समृद्धी महामार्ग आमच्या मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा तालुक्यांतून जातो. नागपूरची गाडी तासाला शंभराच्या वर वेगानं आमच्या शिवारातून निघून जाते, आणि आत बसलेल्याला आपण कुठून गेलो हेही कळत नाही.

भाचेजावई मुंबईत वाढलेला. घरात उर्दू, शाळेत इंग्रजी. मराठी बोलतो, पण जपून, काचेचं भांडं धरल्यासारखं. पहिल्या दिवशी सकाळी तो माझ्याबरोबर बाजारात आला. भाजीवाली "सांबार घ्या, ताजा सांबार" म्हणून हाका मारत होती. त्यानं पातेलं शोधलं. तिनं त्याच्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली! विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी त्याच सांबाराच्या वड्या घरी झाल्या आणि त्यानं पाच खाल्ल्या.

गावात दाखवायला काय, असा प्रश्न मला पडला नाही. मी मराठी घेऊन बी.ए. केलं. आमच्या सरांनी सांगितलेली एक गोष्ट मला तेव्हापासून पाठ आहे. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. १९३९ साली इथं विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला आणि ते पक्कं झालं. याच शाखेतला हरिषेण. त्याचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात आहे. पण गोष्ट ती नाही. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखर नावाच्या पंडितानं 'काव्यमीमांसा' लिहिली. त्यात सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष रुसून निघून जातो. त्याला वळवायला पार्वती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रांतात ती वेगळा वेष करते, वेगळी नाचते, आणि त्या प्रांताची लिहिण्याची रीत तिथून सुरू होते. शेवटी दोघांचं लग्न लागतं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात. म्हणजे आमच्या वाशीमला.

देव तलावाच्या काठावर उभं राहून मी हे सांगितलं. समोर भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी बांधलेलं बालाजीचं मंदिर. जावई म्हणाला, "मामू, लग्नात जेवायला काय होतं?"

राजशेखरानं ते लिहिलेलं नाही. पंडित लोक जेवणाबद्दल लिहीत नाहीत, ही मोठी खोड आहे त्यांची. पण मी लगेच म्हटलं, "या दिवसांत असेल तर हुरडा असणार. परवा तुम्हालाही खाऊ घालतो."

इथं मी फसलो.

संध्याकाळी ओळखीच्या एका शेतकऱ्याला फोन केला. तो हसायलाच लागला. "शायरभाई, हुरडा कुठं रायला आता? वावरात सोयाबीन होता, तो निंघाला. आता तूर हाय न हरभरा हाय." दुसऱ्याला केला. त्यानं सांगितलं, रिसोडकडे बघा. रिसोडच्या माणसानं मानोऱ्याकडे बोट दाखवलं. रात्री दहापर्यंत मी फोन करत होतो. ज्वारीच्या मुलखात जन्मलेला माणूस ज्वारीचं एक कणीस शोधत होता. आणि श्रोतेहो, लाज वाटली ती याची, की ज्वारी गेली केव्हा हे मला कळलंच नव्हतं. मी कवितांतून तिचं कणीस डोलवतच होतो.

दुसऱ्या दिवशी मंगरुळपीरला गेलो. हजरत हयात कलंदर यांचा दर्गा. गावाच्या नावातला पीर तो तिथूनच आला. माझ्या अम्मीचं तिथं येणं-जाणं असायचं. आम्ही पोरं मलिद्यासाठी तिच्या मागे लागायचो. मलिदा म्हणजे पोळी कुस्करून त्यात गूळ आणि तूप. दुपारी वाटेवरच्या एका देवस्थानात भंडारा चालू होता. तिथल्या लोकांनी आग्रहानं बसवलं. रोडगे होते. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, राख झटकतात, फोडून त्यावर तूप ओततात. वर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. इथं चूल बायकांकडे नसते, रोडगे पुरुषच भाजतात. वाढणाऱ्यानं शेवटी रोडगा कुस्करून त्यात गूळ घातला आणि म्हणाला, "हा आता असा खा." भाचीनं माझ्याकडे बघितलं. तो मलिदाच होता, फक्त धुराचा वास लागलेला.

कारंजा मात्र नीट बघायला दोन दिवस हवेत, आम्हाला अर्धा मिळाला. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मस्थान; गुरुमंदिरात बाराही महिने गर्दी. जैनांची जुनी मंदिरं, त्यांतली पोथ्यांची भांडारं, लाकडावरचं कोरीव काम. दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस, पोहा वेस असे चार दरवाजे. १६७० साली शिवाजी महाराजांच्या फौजेनं कारंज्यावर स्वारी केली. म्हणजे स्वारी करण्याजोगी श्रीमंती इथं होती. तिची एक दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. एक व्यापारी उंटांवर कस्तुरी घेऊन आला, गिऱ्हाईक मिळेना. इथल्या सावकाराची हवेली बांधणं चालू होतं. त्यानं सगळी कस्तुरी विकत घेतली आणि चुन्यात कालवायला लावली. कस्तुरीची हवेली! शकुंतला रेल्वेची अरुंद लाईनही इथून जायची, मूर्तिजापूर ते यवतमाळ. आता ती गाडी बंद आहे.

तिसऱ्या दिवशी पोहरादेवी. संत सेवालाल महाराजांचं स्थान, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला इथं देशभरातून माणसं येतात. नगाऱ्याच्या आकाराचं नवं संग्रहालय ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडलं. मिठाची आणि धान्याची गोणी बैलांवर लादून अर्धा देश पायाखाली घालणारा हा समाज. आज त्यांची लेकरं ऊसतोडीला जातात, तीही भटकंतीच. पण तिथं प्रसादाची लापशी खाताना मला बैलांच्या गोणीतली ज्वारीच दिसत होती. माझं डोकं हुरड्यापासून हलत नव्हतं.

तिथून परतताना एका टपरीवर एकानं सांगितलं, अमुक गावात एक म्हातारा अजून पेरतो.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही त्याच्या वावरात पोहोचलो. सगळीकडे तुरी. मध्ये धुऱ्याच्या कडेला ज्वारीची पाच-सहा तासं, पुरुषभर उंच, देशी. कणसांवर जुनी साडी गुंडाळलेली, पाखरांसाठी. म्हातारबा सत्तरीच्या पुढचे. मी विचारलं, बाकीच्यांनी का सोडली?

"कायले पेरतीन? डुकरं ठेवते का? एका रातीत आडवी करते. पाखरं तं खातेच. दिवाळीत पाऊस आला का दाना काळा पडते, बजारात कोनी इचारत नाही. काप्याले मजूर भेटत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "अन् कडबा खाले बैल कुठी हायेत?"

हे शेवटचं माझ्या ध्यानात कधीच आलं नव्हतं. ज्वारी नुसती माणसासाठी नव्हती. दाणा आपल्याला, कडबा बैलाला. ट्रॅक्टर आला, बैल विकले गेले, कडब्याचं काम संपलं आणि अर्धी ज्वारी तिथंच गेली. उरलेली सोयाबीननं घेतली. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतं, त्याच रानात मागून हरभरा घेता येतो, आणि रोख पैसा हातात येतो. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. गोडवे गाणाऱ्यांनी आधी एक एकर पेरून दाखवावी, माझ्यासकट. पण सोयाबीन कुणी भाकरीला खात नाही. ते गाडीत बसून जातं आणि पिशवीतलं तेल होऊन परत येतं. त्याच्याबरोबर रानातली करडईही गेली, जवसही गेलं, म्हणजे आमच्या फोडणीचा आणि चटणीचा वासही गेला. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. भाची सांगते, पुण्याच्या दुकानात ज्वारीच्या पिठाची सुंदर पाकिटं मिळतात. सोलापूरकडच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. ती रब्बीची, तिथली जमीन वेगळी. आमच्या खरिपाच्या ज्वारीला कुणी वाली नाही.

म्हातारबांनी खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. कणसं निखाऱ्यात खोचली, भाजून निघाल्यावर तळहातावर चोळली, फुंकर मारली. हिरवे, मऊ, गरम दाणे. बरोबर तिळाची चटणी आणि गूळ. जावयाचा हात भाजला तरी तो थांबला नाही. खाता खाता भाचीनं तिच्या त्या एक्स्त्रेमादुराचं सांगितलं. तिथले मेंढपाळ शिळा पाव कुस्करून लसूण, तेल आणि लाल मिरची घालून परततात, त्याला मिगास म्हणतात. मी म्हटलं, ही तर आपली फोडणीची भाकर! तिथल्या ला वेरा नावाच्या खोऱ्यात मिरची ओकच्या धुरावर दहा-पंधरा दिवस वाळवतात आणि त्या तिखटाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे. अमेरिकेत गेलेले कोर्तेस आणि पिसारो त्याच प्रांतातले. मिरची अमेरिकेतली, स्पॅनिश लोकांनी ती युरोपात नेली, पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणली. म्हातारबा ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे ठेच्यातली मिरची पावनीच हाय?" आणि खूप वेळ हसत बसले.

त्यांच्या घरून दुपारची शिदोरी आली. भाकरी आणि अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. आमच्या घरी हीच अंबाडी गोश्तमध्ये पडते, अंबाडा गोश्त म्हणतो आम्ही. पाला तोच, धुराही तोच. म्हाताऱ्या आजींनी विचारलं, "तुमच्यात आंबाडी खातात का?" मी म्हटलं, तुमच्याच धुऱ्यावरून अम्मी तोडून न्यायची. "मंग बरं," त्या म्हणाल्या आणि अजून एक भाकरी टाकली.

माझ्या जन्माच्या आसपास, १९७२ च्या दुष्काळात, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी यायची. ती खाल्लेली पिढी तिचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करते. म्हातारबाही त्यातलेच. "तवा ठरवलं," ते म्हणाले, "आपल्या घरची जवारी आपन पेराची." पन्नासच्या वर वर्षं झाली त्याला.

मी विचारलं, तुमच्यानंतर?

त्यांनी तुरीकडे बघितलं. मुलगा नाशकाला कंपनीत आहे.

पैसे त्यांनी घेतले नाहीत. निघताना भाचीच्या पिशवीत चार कणसं टाकली. पुण्याला पोहोचल्यावर तिचा फोन आला. कणसं मुलांच्या शाळेत न्यायची होती, कारण वर्गात कुणी ज्वारी झाडावर पाहिलेली नव्हती. दुसरं तिनं विचारलं ते कण्यांचं: एक वाटी कण्यांना पाणी किती? मला सांगता आलं नाही. अम्मी अंदाजानं घालायची. मग मी म्हातारबांना फोन लावला, त्यांनी तो आजींकडे दिला, आजींनी सांगितलं, मी पुण्याला कळवलं.

फोन ठेवता ठेवता म्हातारबा म्हणाले, "पुढच्या साली पावने येनार असतीन तं पेरनीच्या आंधी सांगजा. दोन तासं जास्त टाकतो." पेरणी जूनमध्ये असते. मी दिनदर्शिकेवर खूण करून ठेवली आहे.