बालसैनिक : युद्धातील सर्वांत स्वस्त मजूर



सशस्त्र संघटना मुलांच्या हाती बंदूक का देतात, या प्रश्नाला एक ठरलेले उत्तर मिळते : आधुनिक रायफल हलकी आहे, दहा वर्षांचे मूलही ती चालवू शकते. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. मूल सैनिक होऊ शकते एवढेच त्यातून कळते. त्याला सैनिक कोण करतो आणि कशासाठी, हे कळत नाही. त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओनचा अनुभव पाहिला पाहिजे.

मार्च १९९१ मध्ये फोडे सांकोह या माजी कॉर्पोरलच्या ‘क्रांतिकारी संयुक्त आघाडी’ने लायबेरियातून त्या देशात प्रवेश केला. भाषा भ्रष्ट राजवटीपासून मुक्तीची होती, आणि राजवट भ्रष्ट होती यात शंका नाही. परंतु हे मुक्तिदाते खेड्यांवरच तुटून पडले. जनतेवर विसंबणाऱ्या चळवळीला अन्न, बातमी आणि माणसे जनतेकडून मिळवावी लागतात. ज्यांच्या हाती कोनोच्या खाणींतले हिरे आले, त्यांना जनतेच्या संमतीची गरज उरली नाही. गरज उरली ती केवळ हातांची.

प्रौढ माणूस मोबदला मागतो, आज्ञेचे कारण विचारतो, संधी मिळताच घरी परततो. मुलाला पळवून आणता येते, नशेत ठेवता येते, स्वतःच्याच गावावर हल्ला करायला लावून त्याची परतीची वाट बंद करता येते. मग पळवून नेणाराच त्याचा पालक ठरतो. कारखानदाराला बालमजूर ज्या कारणांसाठी हवा असतो, त्याच कारणांसाठी सेनापतीला बालसैनिक हवा असतो.

हे पाप एकाच बाजूचे नव्हते. सरकारच्या बाजूने लढणाऱ्या दलांतही मुले होती. जानेवारी २००२ मध्ये युद्धसमाप्ती जाहीर झाली, तोवर सुमारे ६,८०० मुलांची शस्त्रमुक्तीच्या योजनेत नोंद झाली होती. त्यांत मुली दहा टक्क्यांहूनही कमी. स्वयंपाक, ओझी वाहणे आणि बळजबरीचा ‘संसार’ हे मुलींवर लादलेले श्रम सैनिकी सेवा म्हणून मोजलेच गेले नाहीत.

२००७ मध्ये विशेष न्यायालयाने बालसैनिकांच्या भरतीबद्दल सेनानींना दोषी ठरवले. मात्र त्याआधी १९९९ च्या लोमे करारात याच सांकोहला उपराष्ट्राध्यक्षाचा दर्जा आणि खनिज आयोगाचे अध्यक्षपद बहाल झाले होते. मुलांच्या जिवावर ज्या खाणी काबीज केल्या, त्यांवरच त्याला बसवण्यात आले. अशा तडजोडींतून पुढच्या टोळीप्रमुखाने कोणता धडा घ्यावा?

म्हणून कायदा हवाच. पण लुटीच्या मालाला गिऱ्हाईक आहे तोवर स्वस्त हातांची मागणी संपणार नाही. आणि क्रांतीच्या नावाने कोणी शस्त्र उचलले, तर कार्यकर्त्यांनी त्याच्या जाहीरनाम्याआधी त्याच्या रांगेतील सर्वांत लहान सैनिकाचे वय विचारावे.