चूक बोटाची नाही

आज आपण बोटाविषयी आणि मोबाइलच्या काचेविषयी बोलणार आहोत. विषय छोटा वाटेल, पण त्यापायी आमच्या गटातल्या एका ताईंचा अर्ज परत आला होता. तिथूनच सुरुवात करतो.

ताई मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतःच्या फोनवर भरत होत्या. बँकेच्या शाखांची यादी उघडली. बारीक अक्षरं, ओळीला ओळ चिकटलेली. आपल्या शाखेवर बोट टेकवलं आणि निवडली गेली खालची शाखा. ताईंच्या लक्षात आलं नाही. अर्ज गेला आणि काही दिवसांनी परत आला. तेव्हा शेवटच्या तारखेला दोनच दिवस राहिले होते. धावपळ करून दुरुस्ती झाली. पण ताईंनी मनाला लावून घेतलं. म्हणाल्या, "आमची बोटं खुरप्याची. ती काचेवर कशी चालणार?" त्या दिवसापासून त्यांनी फोन पुतण्याच्या हातात दिला. फोनबरोबर ओटीपी गेला, पिनही गेला.

आम्हाला अर्जापेक्षा हे जास्त लागलं. सही करायला शिकलो तेव्हा अंगठा सोडला. आता काचेवर बोट चुकतं म्हणून पुन्हा दुसऱ्याच्या हाताने व्यवहार करायचा का? म्हणून आम्ही एका बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर सगळ्यांचे फोन मधे ठेवले आणि बोट का चुकतं ते पाहायला बसलो. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, काचेला जोर कळत नाही. आपल्या अंगातून वीज सहज वाहू शकते. काचेखाली विजेचं अगदी हलकं जाळं असतं. बोट टेकलं की त्या जागी विजेत थोडा फरक पडतो आणि त्यावरून फोन जागा ओळखतो. म्हणून जोरात दाबून उपयोग नाही. उलट जोर दिला की बोट पसरतं आणि शेजारच्या बटणावर जातं. हलकं टेकवायचं आणि सरळ उचलायचं.

दुसरी गोष्ट, आपण नखाकडे बघून नेम धरतो. फोनला मात्र नख कळत नाही, नखाखालची मऊ बाजू कळते. ती बाजू आपल्याच बोटाखाली झाकलेली असते. त्यामुळे बऱ्याचदा आपल्याला वाटतं त्यापेक्षा जरा खाली बोट लागतं. ताईंच्या यादीत खालची शाखा निवडली गेली ती बहुधा यामुळेच. ओळीच्या तळाशी नेम न धरता मधोमध किंवा किंचित वर धरा.

तिसरी गोष्ट, ओलावा आणि कोरडेपणा. भांडी घासता घासता फोन घेतला, तर पाण्याच्या थेंबालाही काच बोट समजते. याच्या उलट कापूस वेचून, खुरपणी करून बोटांना भेगा पडल्या, कातडं राठ झालं, की काचेला बोट नीट लागत नाही. रात्री बोटांना खोबरेल तेल चोळा. फोन घेताना हात पुसून कोरडे करा. काचही मऊ सुती कापडाने पुसा. पिठाचे आणि तेलाचे हात असतील तर अर्ज थोडा वेळ थांबू द्या.

आता मुख्य गोष्ट. बोट टेकतं तेव्हा काचेवर साधारण एक सेंटीमीटर जागा व्यापतं. अँड्रॉइड फोनसाठी गूगलची सूचना अशी आहे, की बटण सुमारे ९ मिलिमीटरचं असावं, म्हणजे काबुली चण्याएवढं. वेबसाइटसाठी जागतिक पातळीवर निकष ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था आहे. तिनेही २०२३ साली बटण किमान किती मोठं असावं किंवा दोन बटणांत किती जागा सुटावी, याचं माप निकषांत घातलं. तरी कित्येक वेबसाइट मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनवलेल्या असतात आणि त्याच आक्रसून आपल्या फोनवर दिसतात. तिथे बटण मोहरीएवढं होतं. मोहरीवर कुणाचंही बोट चुकेल, शहरातल्या बाईचंही. म्हणून म्हणतो, चूक बोटाची नाही. पान मोठं करून घेणं मात्र आपल्या हातात आहे.

कसं करायचं? दोन बोटं काचेवर ठेवून एकमेकांपासून लांब सरकवा, पान मोठं होतं. काही पानं अशी मोठी होत नाहीत. तेव्हा क्रोममध्ये कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर जा, सेटिंग्ज उघडा आणि त्यात ॲक्सेसिबिलिटी बघा. तिथे पान मोठं करण्याची सोय असते. वेबसाइटने नको म्हटलं तरी पान मोठं करू द्यावं, असाही एक पर्याय तिथे असतो. तो चालू करून ठेवा. आकडे टाकताना फोन आडवा धरला तर कीबोर्डची बटणं रुंद होतात. त्यासाठी फोन आपोआप फिरण्याची सोय चालू लागते. आणि फोन एका हातात धरून अंगठ्याने लिहू नका. तो मांडीवर किंवा पाटावर ठेवा आणि तर्जनीने लिहा. आमच्या बैठकीत बऱ्याच जणींच्या चुका एवढ्यानेच कमी झाल्या.

आता एक युक्ती, ती नीट ऐका. चुकीच्या बटणावर बोट पडलं आणि लगेच लक्षात आलं, तर घाबरून बोट उचलू नका. वेबसाइटवर बहुतेक बटणं बोट उचलल्यावर काम करतात. बोट काचेवर तसंच ठेवून बाजूला सरकवा आणि मग उचला. बहुतेक वेळा ते बटण लागत नाही. घरी एखाद्या साध्या पानावर चार वेळा करून बघा.

पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा, हेही महत्त्वाचं. नेटवर्क मंद असलं की आधी अक्षरं येतात, मग चित्र किंवा जाहिरात येते आणि सगळं खाली सरकतं. आपण बटणावर नेम धरलेला असतो आणि तेवढ्यात तिथे जाहिरात येते. तसंच, पैसे पाठवताना काही हललं नाही म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. रक्कम दोनदा जाऊ शकते. थांबा आणि आधी खात्यातून पैसे गेले का ते बघा.

जन्मतारीख भरताना कॅलेंडर उघडतं, तिथे एकेक महिना मागे जात बसू नका. बऱ्याच फोनमध्ये वर दिसणाऱ्या वर्षावर बोट टेकवलं की वर्षांची यादी उघडते.

एवढं करूनही बोट चुकत असेल तर फोन तपासा. काचेवर चिकटवलेली संरक्षक काच फुटली असेल, तिच्याखाली हवा किंवा धूळ गेली असेल, तर ती बदला. चार्जिंगला लावल्यावर काच आपोआप भलतंच उघडू लागली, तर फोन काढून घ्या. हलक्या चार्जरमुळे तसं होतं. काचेचा एखादा भाग बिघडला आहे का हे बघायचं असेल, तर एखाद्या ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा आणि ते चित्र काचेवर सगळीकडे फिरवा. दरवेळी एकाच जागी ते सुटत असेल, तर दोष तिथे आहे. आमच्या एका मावशींच्या फोनमध्ये नेमकी 'आठ' आकड्याची जागा गेली होती. मावशी मात्र सहा महिने स्वतःलाच बोल लावत होत्या.

शेवटची सवय आम्ही गटाच्या हिशोबातून उचलली. आपण बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचतो ना? तसंच अर्ज पाठवण्याआधी नाव, जन्मतारीख, शाखा आणि खाते क्रमांक मोठ्याने वाचायचे. पासबुक शेजारी ठेवायचं आणि खाते क्रमांकाचा एकेक आकडा त्याच्याशी ताडायचा. शेजारी मैत्रीण बसली असेल तर पासबुक तिच्या हातात द्या. ओटीपी आणि पिन मात्र कुणासमोर वाचायचे नाहीत, मैत्रिणीसमोरही नाही.

त्या ताईंनी पुतण्याकडून फोन परत घेतला आणि आधी पिन बदलला. यंदाचा अर्ज त्यांनी पान मोठं करून स्वतः भरला. एक तास लागला. शाखेच्या ओळीवर आल्यावर त्यांनी शाखेचं नाव एवढ्या मोठ्याने वाचलं, की अंगणातल्या सासूबाईंनी विचारलं, "कुणाला हाक मारतेस गं?"

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर अर्धा तास याला द्या. प्रत्येकीने स्वतःच्या फोनवर स्वतःच्या बोटाने पान मोठं करून बघायचं. शेजारणीने दाखवायचं, पण तिच्या फोनला हात लावायचा नाही. एवढा नियम पाळा.