यंत्राच्या पोटातील परवाना



शिरूरकडून पुण्यास निघालेली एस.टी. रांजणगावच्या महागणपतीपाशी थांबते, आणि तेथून हाकेच्या अंतरावर औद्योगिक वसाहतीची छपरे दिसू लागतात. येथे एलजीचा कारखाना आहे, हायरचा आहे, व्हर्लपूलचा आहे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांतली तरुण मुले तेथे पाळ्यांनी कामाला जातात. धुलाई यंत्रे, शीतकपाटे आणि दूरचित्रवाणी संच जोडतात. तेव्हा आजचा विषय फार लांबचा आहे असे कोणी समजू नये. या वस्तूंच्या पोटात पत्रा, तार आणि काच यांखेरीज आणखी एक पदार्थ असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वजन नाही. तो आज्ञावलीचा बनलेला असतो, आणि त्याला फर्मवेअर म्हणतात. या फर्मवेअरचा मालक कोण, आणि त्याच्यावर आपला काही हक्क पोचतो की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे.

येथील वडीलधाऱ्या श्रोत्यांना जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. पुष्कळ संचांत पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस त्या संचाचा विद्युत्-नकाशा चिकटवलेला असे. गावातला रेडिओ-दुरुस्तीवाला तो पुठ्ठा काढी, नकाशावर बोट ठेवी, आणि कोणता व्हॉल्व्ह गेला ते सांगे. कंपनी मुंबईची असो की हॉलंडची, दुरुस्ती दौंडच्या बाजारात होत असे. आजच्या संचाचा पुठ्ठा काढला तर एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर चार-दोन काळे चौकोन दिसतात. बिघाड बहुधा त्या चौकोनांत साठवलेल्या आज्ञावलीत असतो, आणि तिचा नकाशा पुठ्ठ्याला चिकटवलेला नसतो. मग दुरुस्तीवाला हात वर करतो आणि म्हणतो, "साहेब, बोर्डच बदलावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवा संच घेते. कारखानदाराचे यात नुकसान नाही, हे सांगावयास नको!

परंतु गोष्ट अशी आहे, की हा नकाशा देण्याचे बंधन पुष्कळ वेळा कारखानदारावर असते, आणि ते त्याने आपल्या हाताने पत्करलेले असते. ते कसे, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे संगणकतज्ज्ञ होते. १९८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचे एक नवे छपाईयंत्र आले. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी स्वतः बदल करून, कागद अडकला की सर्वांना सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र कोणी देईना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने गुप्ततेचा करार केलेला होता. या साध्या अडवणुकीतून पुढे १९८३ साली जीएनयू प्रकल्प जाहीर झाला, १९८५ साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाली, आणि १९८९ साली जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजे ज्याला संक्षेपाने जीपीएल म्हणतात, तो परवाना लिहिला गेला. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिहावयास घेतलेला लिनक्स हा गाभा पुढच्याच वर्षी या परवान्याखाली आला, आणि आज जगातल्या असंख्य दूरचित्रवाणी संचांत, वायफायच्या डब्यांत आणि सेट-टॉप बॉक्सांत तोच बसलेला आहे. येथे एक खुलासा केलेला बरा. प्रत्येक यंत्रात लिनक्स असतोच असे नाही. साध्या धुलाई यंत्रात किंवा विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये लहानशी, कंपनीने स्वतः लिहिलेली आज्ञावली असू शकते. तिच्याविषयी आज आम्ही बोलत नाही.

या परवान्याचे मर्म कायदेपंडितांच्या भाषेत सांगू गेल्यास सभा रिकामी होईल. आपल्याकडची चाल सांगतो. एकेका बैलाचे दोन शेतकरी सावड करतात. याचा बैल त्याच्या औताला, त्याचा बैल याच्या औताला. पैरा घेतला की फेडावा लागतो. कोणी पैसे मोजीत नाही, म्हणून ते फुकट असते असे मात्र नाही. जीपीएलची आज्ञावली तशीच आहे. घ्या, वापरा, बदला, विका. किंमत द्यावी लागत नाही. अट एवढीच, की ती, किंवा तिच्यावर रचलेली तुमची आज्ञावली, दुसऱ्याच्या हाती दिलीत तर तिच्याबरोबर तिची मूळ संहिताही दिली पाहिजे, आणि जी मोकळीक तुम्हाला मिळाली तीच पुढच्याला मिळाली पाहिजे. घरच्या घरी बदल करून घरीच वापरली तर कोणी विचारीत नाही. बंधन सुरू होते ते वस्तू बाजारात गेल्यावर. दूरचित्रवाणी संच विकणे म्हणजे त्याच्या पोटातील लिनक्सची प्रत वाटणेच होय.

मूळ संहिता देण्याचे मार्ग दुसऱ्या आवृत्तीने सांगितले आहेत. एक तर ती वस्तूबरोबरच द्यावी. नाही तर निदान तीन वर्षे टिकणारे लेखी आश्वासन द्यावे, की जो कोणी मागेल त्याला ती पाठवण्याच्या खर्चापेक्षा अधिक न घेता देऊ. "जो कोणी" हे शब्द महत्त्वाचे आहेत. या आवृत्तीप्रमाणे ते आश्वासन केवळ गिऱ्हाइकाला नसते. ज्याने तो संच कधी विकत घेतला नाही, अशा दौंडच्या दुरुस्तीवाल्यासही ती संहिता मागता येते. शिवाय नुसती संहिता देऊन सुटका नाही. तिच्यापासून चालू आज्ञावली तयार करण्याची व ती बसवण्याची जी साधने लागतात, तीही त्यात आली पाहिजेत. विटा दिल्या आणि नकाशा ठेवून घेतला, असे चालत नाही.

आता हे पाळले जाते काय? कोठे पाळले जाते, कोठे नाही. एलजीच्या संचाबरोबर येणाऱ्या कागदांत असे आश्वासन छापलेले असते, आणि त्या कंपनीने मूळ संहितांसाठी स्वतंत्र संकेतस्थळ ठेवले आहे. रांजणगावात जुळणीपट्ट्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलांपैकी किती जणांनी तो कागद वाचला असेल, कोण जाणे. खोक्यात तो घालतात मात्र तेच. बाजारातल्या स्वस्त, नाव-गाव नसलेल्या डब्यांचा प्रकार वेगळा आहे. त्यांत कागदच नसतो.

न पाळणारे सगळेच लबाड असतात असे समजणे योग्य होणार नाही. हा धंदा हातोहात चालतो. चिप बनवणारा तैवान किंवा चीनमधला. त्याने चिपबरोबर आज्ञावलीची पेटी दिलेली असते. ती घेऊन दुसरा कोणी बोर्ड आखतो, तिसरा बोर्ड भरतो, चौथा आपल्याकडे जुळणी करतो, आणि पाचव्याचे नाव खोक्यावर लागते. मूळ संहिता बहुधा पहिल्या दोन हातांतच राहते, आणि पाचव्याकडे चालू आज्ञावली तेवढी येते. त्याच्याकडे संहिता मागितली की तो म्हणतो, आमच्यापाशी नाही. तो खरेच बोलत असतो. परंतु परवाना ही सबब मानीत नाही. ज्याने वाटले, त्याने द्यावे. दुधात पाणी गवळ्याने घातले, तरी गिऱ्हाईक डेअरीलाच धरते.

या बाबतीत लिंक्सिसच्या वायफाय डब्याची हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. डब्ल्यूआरटी५४जी नावाचा हा निळा-काळा डबा २००२ च्या अखेरीस बाजारात आला. २००३ मध्ये काही जिज्ञासूंनी त्याची आज्ञावली तपासली, तो आत लिनक्स! संहितेचा मात्र पत्ता नाही. त्याच वर्षी सिस्को या मोठ्या कंपनीने लिंक्सिस विकत घेतली होती. म्हणजे डब्याबरोबर हा वादही तिच्या पदरात पडला. ओरड झाल्यावर त्याच वर्षी संहिता प्रसिद्ध करावी लागली. तिच्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला, आणि ज्या डब्याला कंपनीने पुढे विचारले नसते, त्याच्यासाठी लोकांनी कित्येक वर्षे सुधारलेल्या आज्ञावली लिहिल्या. तेव्हा संहिता दिल्याने त्या डब्याचा खप मारला गेला, असे कोणी म्हणू नये. लोक तो मुद्दाम मागून घेत असत. एवढे होऊनही इतर वस्तूंबाबत कुरबुर चालूच राहिली. डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा लावला, आणि २००९ मध्ये तडजोड होऊन कंपनीला लिंक्सिससाठी या कामावर देखरेख करणारा अधिकारी नेमावा लागला.

जर्मनीत हॅराल्ड वेल्टे यांनी हा प्रश्न न्यायालयात नेला, आणि २००४ साली म्युनिकच्या न्यायालयाने साइटकॉम कंपनीविरुद्ध निर्णय देऊन जीपीएलच्या अटी बंधनकारक धरल्या. अमेरिकेत बिझीबॉक्स या छोट्याशा आज्ञावलीवरून २००९ मध्ये चौदा कंपन्यांवर एकदम दावा झाला. त्यांपैकी वेस्टिंगहाउस डिजिटल ही दूरचित्रवाणी संच विकणारी कंपनी न्यायालयात शेवटपर्यंत उभी राहिली नाही. २०१० मध्ये तिच्याविरुद्ध निकाल होऊन नव्वद हजार डॉलरांची भरपाई तर लागलीच, शिवाय शिल्लक संचही वादींच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला.

हे सर्व दावे आज्ञावली लिहिणाऱ्यांच्या हक्कावर उभे होते. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहता २०२१ चा दावा अधिक मोलाचा आहे. त्या वर्षी सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने व्हिझिओ या दूरचित्रवाणी कंपनीवर कॅलिफोर्नियात दावा लावला, तो लेखक म्हणून नव्हे. संस्थेने बाजारातून संच विकत घेतले आणि गिऱ्हाईक या नात्याने न्यायालयास सांगितले, की हा परवाना म्हणजे करार आहे, आणि त्याचा लाभ ज्याच्यासाठी ठेवला तो आम्ही आहोत. कंपनीचे म्हणणे असे, की हा केवळ कॉपीराइटचा प्रश्न आहे व त्यात गिऱ्हाइकाला बोलण्याचा अधिकार नाही. मे २०२२ मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने ते अमान्य केले आणि प्रकरण राज्याच्या न्यायालयाकडे परत पाठवले. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, त्या पुण्याच्या जिल्ह्यात ही विचारसरणी परकी वाटण्याचे कारण नाही.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, आणि त्यात संगणकाच्या आज्ञावलीला वाङ्मयकृतीचा दर्जा आहे. म्हणजे परवानगीवाचून प्रती काढणे हा हक्कभंग. जीपीएल ही परवानगी आहे. अट मोडली की दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे ती आपोआप संपते. तिसरी आवृत्ती चूक सुधारण्यास मुदत देते, आणि २०१७ मध्ये लिनक्सच्या अनेक कर्त्यांनीही तशीच सवलत जाहीर केली. आम्हास ही सवलत रास्त वाटते. लहान जुळणीदाराला पहिल्याच पत्राबरोबर न्यायालयाची धमकी देणे हे शहाणपणाचे नव्हे.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे, कारण ती सांगितली नाही तर तुमची निराशा होईल. संहिता मिळाली, बदलली, तरी यंत्र ती स्वीकारीलच असे नाही. टिव्हो नावाच्या ध्वनिचित्रमुद्रण यंत्राने अशी युक्ती केली, की कंपनीची सही असलेली आज्ञावलीच तेवढी चालावी. घराचा नकाशा मिळाला, पण कुलूप कंपनीचे! २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीने घरगुती वस्तूंत हे कुलूप निषिद्ध केले. पण लिनक्स दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला, आणि तिसऱ्या आवृत्तीची आज्ञावली कारखानदार शक्यतो टाळतात.

मग या संहितेचा आपल्याला उपयोग काय, असे कोणी विचारील. शिरूरच्या कापड दुकानदारास तिच्यातले एक अक्षर कळणार नाही, हे खरे. रेडिओचा नकाशा तरी त्याला कोठे कळत होता? तो ज्याला कळत होता असा माणूस गावात होता, एवढे पुरे होते. आज या दोन्ही तालुक्यांतून अभियांत्रिकी शिकलेली मुले दर वर्षी बाहेर पडतात. मराठी अक्षरे पडद्यावर दाखवणारा लोहित हा टंक पुण्यातल्या रेड हॅट कंपनीच्या तंत्रज्ञांनी सांभाळला, आणि २०११ पर्यंत तो याच जीपीएलखाली होता. हे काम आपल्या मुलांना जमणारे आहे.

तेव्हा नवा संच घ्याल तेव्हा थर्मोकोलबरोबर कागद फेकू नका. संचाच्या सेटिंगमध्येही परवान्यांची यादी बहुधा असते. तीत लिनक्स आणि जीपीएल ही नावे पाहा. आश्वासन दिसले तर त्यातल्या पत्त्यावर संचाचा नमुना-क्रमांक व फर्मवेअरची आवृत्ती लिहून संहिता मागा, आणि तारखेची नोंद ठेवा. नावे आहेत पण आश्वासन नाही, असे आढळल्यास तेही पत्रात लिहा. पत्र इंग्रजीतच असावे अशी अट परवान्यात कोठेही नाही.