ज्यांना मत नव्हते



आम्ही कामगार चळवळीतले. शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा करू नये.

१८५८ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यात निवडणुकीच्या प्रचारात लिंकन आणि डग्लस सात वेळा समोरासमोर बोलले. वाद गुलामगिरीचा. डग्लस म्हणे, नव्या मुलखात गुलाम ठेवावेत की नाही, हे तिथल्या वसाहतवाल्यांनी मतांनी ठरवावे. ऐकायला किती गोड! पण त्या मतदानात गुलामाला मत नव्हते. लिंकननेही तेव्हा दक्षिणेतली गुलामगिरी मोडू असे म्हटले नव्हते. ती पुढे पसरू नये, एवढेच त्याचे मागणे. मात्र हा अन्याय आहे, हे तो उघड बोले. ती जागा डग्लसला मिळाली, पण १८६० साली लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला. त्या वेळी देशात सुमारे चाळीस लाख गुलाम होते. राज्याचे प्रतिनिधी किती हे ठरविताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा तिथला हिशेब! गुलामांच्या डोक्यांवर मालकांच्या मुलखाच्या जागा वाढत. पुढे यादवी झाली आणि १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' ग्रंथ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केला तो त्यांच्या याच कामाबद्दल.

पण मंडळी, पुस्तक अर्पण झाले तरी आपल्याच जिल्ह्यात वेठ चालूच होती. तलासरी-डहाणूकडे 'लग्नगडी' हा शब्द जुन्या माणसांना ठाऊक आहे. वारली तरुण लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून पैसे घेई आणि ते फेडायला नवराबायको दोघे त्याच्या घरी राबत. वर्षे सरत, कर्ज सरत नसे. विचारावे, तर उत्तर तयार असे: 'त्याने राजीखुशीने घेतले.' आम्हांला तो डग्लसच बोलतोय असे वाटते.

१९३७ आणि १९४६ च्या निवडणुकांत मत होते ते मुख्यतः जमीन, कर किंवा शिक्षण असलेल्याला. लग्नगड्याजवळ यातले काय होते? त्याला मत मिळाले ते १९५१-५२ साली. वेठ मोडली ती मात्र आधीच, आणि मतपेटीने नव्हे. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरवून उठले. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. संप फुटला नाही.

वेठबिगारीविरुद्ध देशभरचा कायदा १९७६ साली झाला. कायदा चांगला आहे. पण दिवाळीनंतर आपल्या पूर्वेकडच्या वीटभट्ट्यांवर चक्कर मारा. पावसाळ्यात उचल घेतलेली कातकरी-वारली जोडपी तिथे माती मळताना दिसतील. उन्हाळ्यात मतदान आले, तर त्यांचे नाव गावच्या यादीत आणि माणूस इथे भट्टीवर.

आता आमच्याच घरची गोष्ट. आमच्या युनियनमध्ये या लोकांना सभासद करून घ्यावे, असा प्रश्न कित्येक वर्षांपूर्वी निघाला होता. विरोधात बोललो ते आम्हीच. कायम नाहीत, वर्गणी कोण वसूल करणार, हंगाम संपला की शोधणार कुठे? ठराव बारगळला. डग्लसला नावे ठेवणे सोपे असते.

त्यानंतर एका भट्टीवर एका बाईने विचारले, ''दादा, आमचं नाव शेटच्या वहीत हाय. तुमच्या वहीत का नाय?''

पुढच्या हंगामात पावतीपुस्तक घेऊन गेलो. ती बाई त्या भट्टीवर आली नव्हती. कुठे गेली, कोणाला सांगता येईना. त्या दिवशी अकरा पावत्या फाडल्या.