मांडवाला ऊन द्या, पण मोजून



अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी गावोगावचे मांडव उतरतात. पाऊस बहुतेक वेळा अजून गेलेला नसतो. कापड ओलं, दोर ओले, माणसं रात्रभर जागलेली. मग जे हाताला लागेल ते गुंडाळायचं, टेम्पोत टाकायचं आणि गोदामात नेऊन रचायचं. तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई लागली की घड्या उघडतात, तेव्हा पांढऱ्या छतावर काळे ठिपके दिसतात आणि कुबट वासानं सगळे नाक मुरडतात. दोष धुलाईला दिला जातो. खरं तर मांडवाचं कापड मळानं कमी आणि ओलीनं जास्त मरतं. म्हणून आज धुण्याबरोबरच वाळवण्याबद्दल, म्हणजे ओघानं सूर्याबद्दलही, बोलतो.

धुण्याची पहिली पायरी कोरडी असते. गुलाल, धूळ, फुलांचा चुरा हे सगळं पाणी लागण्याआधी झटकायचं आणि मऊ कुंच्यानं झाडून काढायचं. ओला झालेला गुलाल धाग्यात शिरला की तो निघणं कठीण. मग जमिनीवर स्वच्छ ताडपत्री अंथरून त्यावर कापड पसरायचं. सौम्य साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. तारेचा ब्रश नको. ब्लीचिंग पावडर तर नकोच. तिनं डाग जातो, पण शिवणीचा दोराही कमजोर होतो. प्लॅस्टिकचा थर दिलेल्या कापडावर जोराच्या पाण्याचा पाइप अगदी जवळून मारला, तर तो थरच सुटू लागतो. कनात किंवा पडदा उभा टांगून धुणार असाल, तर साबण खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली की मळकट ओघळ खालच्या कोरड्या कापडावर उतरतात आणि त्यांच्या रेघा राहतात. शेवटचं साधं पाणी मात्र वरूनच सोडायचं. कापडात साबण उरला तर त्यावर धूळ पुन्हा लवकर बसते.

हळदीचा डाग ही लग्नाच्या मांडवाची खास देणगी. साबण लागताच तो लालसर होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य क्षारात लाल होतं, आणि प्रकाशात ते टिकत नाही. धुतलेला डाग उन्हाकडे तोंड करून ठेवला की फिका पडत जातो. घरातल्या आजीला हे रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता ठाऊक असतं.

आता ऊन. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस. तिथं दर सेकंदाला साधारण ६० कोटी टन हायड्रोजनचं हेलियममध्ये रूपांतर होतं, आणि त्यातलं ४० लाख टनांहून थोडं अधिक वस्तुमान ऊर्जा बनून बाहेर पडतं. ही ऊर्जा गाभ्यातून पृष्ठभागापर्यंत अडखळत यायला हजारो वर्षं घेते. तिथून आपल्या अंगणापर्यंतचं १५ कोटी किलोमीटर अंतर मात्र प्रकाश आठ मिनिटं वीस सेकंदांत कापतो.

स्वच्छ आकाशात, डोक्यावरचं ऊन असेल तर एका चौरस मीटरवर दर सेकंदाला जवळजवळ १००० ज्यूल ऊर्जा पडते. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात. हिशेब केला तर एका चौरस मीटरवरचं लिटरभर पाणी चाळीस मिनिटांत उडायला हवं. तसं होत नाही, कारण पांढरं कापड बराचसा प्रकाश परत फेकतं. शिवाय हवा दमट असेल आणि वारा नसेल, तर वाफ तिथंच घुटमळते. ऑक्टोबरची हवा कोरडी होत जाते, म्हणून या कामाला तो महिना मला सगळ्यांत चांगला वाटतो.

‘उन्हानं बुरशी मरते’ असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. जंतूंचा हमखास नायनाट करणारी अतिनील किरणं वातावरणातला ओझोन आणि ऑक्सिजन वरच अडवतात. ती पाहायची तर वातावरणाबाहेर जावं लागतं. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावर पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेनं तयार केलेली ‘सूट’ ही दुर्बीण आहे. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीत सूर्याच्या प्रतिमा घेते. जमिनीपर्यंत पोचतात ती बहुतांशी त्यातली लांब तरंगलांबीची, सौम्य किरणं. काळ्या बुरशीच्या बीजाणूंमध्ये मेलॅनिन असतं, ते त्यांना या किरणांपासून बरंचसं वाचवतं. म्हणजे ऊन बुरशीला मारतं त्यापेक्षा तिचं पाणी तोडतं. ठिपके आधी ब्रशनं घासून काढावेच लागतात.

आणि हीच सौम्य किरणं कापडाला मात्र सोडत नाहीत. नायलॉनचा दोर, प्लॅस्टिकची ताडपत्री, रंगीत झालर, सगळ्यांच्या रेणूंच्या साखळ्या ती हळूहळू तोडतात. रंग विटतो, ताडपत्री कडक होऊन तडकते. मांडव आठवडाभर मैदानात ‘पडू दे उन्हात’ म्हणून सोडणं ही मेहनत नव्हे, आळस आहे. एक बाजू सुकली की उलटवा, दुसरी सुकली की उचला. रंगीत कापड उलट्या बाजूनं वाळवा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि मांडववाल्या भावांना एवढीच विनंती. घडी घालण्याआधी दुहेरी शिवणीवर, कडीपाशी आणि दोराच्या गाठीवर हात ठेवून पाहा. मधलं कापड कधीच सुकलेलं असतं, ओल तिथं लपते. हाताला गार लागलं तर आणखी तासभर ऊन द्या, आणि घड्या गोदामात फरशीवर न ठेवता फळ्यांवर रचा.