गटाच्या आत की बाहेर?

दोन वस्तूंसाठी ‘बिगर’ आणि दोनांहून अधिकांसाठी ‘बिगेस्ट’, हा शाळेतला नियम सोपा असला तरी अपुरा आहे. भोपाळचा मोठा तलाव ‘बिगर दॅन द लोअर लेक’, इथवर तो चालतो. पण ‘इंदूर इज बिगर दॅन एनी अदर सिटी इन मध्य प्रदेश’ या वाक्यात तुलना राज्यातल्या साऱ्या शहरांशी आहे, तरीही रूप ‘बिगर’च! कारण ‘अदर’ इंदूरला गटाबाहेर काढतो. ‘द बिगेस्ट सिटी’ म्हटलं की तेच इंदूर गटाच्या आत येतं. म्हणूनच ‘बिगेस्ट दॅन’ चुकीचं ठरतं.

कुणी म्हणेल, अर्थ तर एकच निघाला. या वाक्यापुरता निघाला, खरं. पण तमभाव, म्हणजे ‘बिगेस्ट’सारखं रूप, पूर्ण गटावर अवलंबून असतो. ३१ ऑक्टोबर २००० पर्यंत मध्य प्रदेश क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत मोठं राज्य होतं. दुसऱ्या दिवशी छत्तीसगड वेगळं झालं आणि तो मान राजस्थानकडे गेला. ‘मध्य प्रदेश महाराष्ट्रापेक्षा मोठा’ हे विधान मात्र आजही खरं आहे, जेमतेम पाचशे चौरस किलोमीटरच्या फरकाने का होईना.