कर्जाचा तगादा आणि नादारीची तयारी
(वर्षावासातील व्याख्यानमालेत विहाराच्या सभागृहात केलेले भाषण)



वर्षावासात विहारात धम्मावर बोलायचे, तिथे कर्ज, वसुली आणि कोर्टकचेरी हा विषय कशाला, असे काही ज्येष्ठांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु हा विषय तथागतांनी स्वतः हाताळलेला आहे. अंगुत्तर निकायात इणसुत्त आहे. इण म्हणजे ऋण. त्यात सांगितलेला क्रम लक्षात घ्या. गृहस्थाला आधी दारिद्र्य येते, दारिद्र्यामुळे तो कर्ज काढतो, कर्जावर व्याज चढते, व्याज थकले की तगादा सुरू होतो, तगाद्यानंतर माणसाचा पाठलाग होतो आणि शेवटी बंधन येते. यातली प्रत्येक पायरी दुःख आहे, असे भगवंत सांगतात. पुढे ही उपमा ते सद्गुणांच्या दारिद्र्याला लावतात, तो भाग वेगळा. पण अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा क्रम आणि आजच्या आपल्या वस्तीतला क्रम यात फरक काय? तेव्हा माणूस दारात येत असे, आता आधी फोन येतो, एवढाच.

रविवारच्या वंदनेनंतर आम्ही काही कार्यकर्ते विहारात बसून लोकांची कागदपत्रे वाचून देतो. पूर्वी लोक जातीचा दाखला, रेशनकार्ड, पेन्शनचे फॉर्म घेऊन येत. आता पिशवीतून निघतात ते फायनान्स कंपनीचे हप्त्याचे कार्ड, बचत गटाचे पासबुक, पतपेढीची नोटीस आणि वकिलाचे रजिस्टर पत्र. पिशवी उघडताना माणूस आधी मागे वळून बघतो, कोणी ओळखीचे तर नाही ना! ही लाज जीव घेते, बंधूंनो. कर्जापायी लोकांनी आयुष्य संपवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून आज सगळ्यांसमोर, मोकळेपणाने बोलायचे ठरवले.

पहिली गोष्ट. कर्ज फेडता न येणे हा गुन्हा नाही. ‘उद्या पोलीस नेतील’ असे वसुलीवाला म्हणतो, ती धमकी असते. दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी निव्वळ पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून जाणूनबुजून न देणारा वेगळा आणि खरोखर नसलेला वेगळा, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात स्पष्ट केला. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटक करताच येत नाही. मात्र एक सावधगिरी आहे. चेक दिला असेल आणि तो वटला नाही, तर कलम १३८ खाली फौजदारी खटला होतो. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर तो टळतो. समन्स आले तर तारखेला हजर राहायचेच, लपून बसायचे नाही. कोरे चेक सही करून कोणाच्या हाती देऊ नका, हे आम्ही हात जोडून सांगतो.

आता वसुलीवाल्यांचे बघू. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका आणि फायनान्स कंपन्यांना बजावले की, सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, शिवीगाळ किंवा चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. महिलांच्या गटांना जे छोटे कर्ज मिळते, त्या मायक्रोफायनान्सच्या नियमांत ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. हप्ता घेण्याची जागा दोघांनी मिळून ठरवायची असते. लागोपाठ दोन वेळा तिथे गेले नाही, तरच त्यांना घरी किंवा कामावर येता येते. म्हणजे रात्री नऊ वाजता चाळीच्या जिन्यावर बसून ‘पैसे दिल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणारा साहेब नियम मोडत असतो.

मग करायचे काय? भांडायचे नाही. त्याचे ओळखपत्र आणि कंपनीचे अधिकारपत्र मागायचे. नाव, तारीख, वेळ, काय बोलला हे वहीत लिहायचे. शेजारच्या दोन बायांना बोलावून उभे करायचे. रोख पैसे त्याच्या हाती द्यायचे नाहीत. द्यायचेच तर कंपनीच्या खात्यात भरायचे किंवा छापील पावती घ्यायची. त्रास थांबला नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार. तिला फी लागत नाही. मोबाईलवरच्या अ‍ॅपवाल्याने फोटो बदलून बदनामीची धमकी दिली, तर पैसे पाठवत बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाईनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करा.

खाजगी सावकाराचा हिशेब तर लहान मुलालाही कळेल असा आहे. समजा १०,००० रुपये महिना १० टक्क्यांनी घेतले. महिन्याला १,००० व्याज. वर्षभरात १२,००० दिले आणि मुद्दल जिथल्या तिथे! महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे. परवाना नसताना सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवाना असलेल्यालाही सरकारने ठरवलेल्या दराबाहेर व्याज घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या सहायक किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. खोलीचे कागद, एटीएम कार्ड, पासबुक सावकाराकडे पडलेले असेल तर तेही त्या अर्जात लिहायचे.

आता मुख्य विषय, नादारी. आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हा शब्द शाळेपासून ठाऊक आहे. फी माफ झालेला विद्यार्थी तो नादार. त्यात लाज नव्हती, शिक्षण चालू राहत होते. कायद्यातली नादारीही तशीच समजा. ज्याचे देणे त्याच्या ऐपतीपलीकडे गेले, त्याने कोर्टात जाऊन सांगायचे की माझ्याकडे एवढेच आहे, ते घ्या, कायद्याप्रमाणे सगळ्यांना वाटून द्या. मुंबईसाठी १९०९ चा कायदा आहे आणि अर्ज उच्च न्यायालयात जातो. मुंबईबाहेरच्या जिल्ह्यांसाठी १९२० चा कायदा आहे, अर्ज जिल्हा न्यायालयात. देणे ५०० रुपये किंवा जास्त असले की अर्ज करता येतो.

इथे एक खुलासा. २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा झाला. त्यात वैयक्तिक नादारीचे प्रकरण आहे, अगदी गरिबाचे कर्ज मिटवून नवी सुरुवात करून देण्याची तरतूदही आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना लागू केला गेला. तुमच्या-आमच्यासाठी जुनेच कायदे आहेत. तेव्हा ‘नवी योजना आली, फी भरा, सगळे कर्ज माफ’ असे सांगत कोणी एजंट वस्तीत आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

मागे एका उपासकाने इथेच उभे राहून प्रश्न केला होता. ‘आपण रोज पंचशील घेतो. न दिलेले घेणार नाही म्हणतो. मग नादारी घेऊन दुसऱ्याचे पैसे बुडवणे हे अदिन्नादान नव्हे काय?’ या प्रश्नावर आमच्यातही दोन मते पडली. कोणी म्हणाले, व्याजात त्यांचे मुद्दल केव्हाच फिटले. कोणी म्हणाले, घेतले ते दिलेच पाहिजे, पोट मारून द्या. आम्ही विनयाकडे वळलो. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला विचारतात, तू ऋणी नाहीस ना? म्हणजे कर्ज चुकवायला चीवराची आड घेण्यास तथागतांनी वाट ठेवली नाही. पळवाट धम्माला मान्य नाही. परंतु नादारी ही पळवाट आहे की कबुली, हे ती घेणाऱ्याच्या वागण्यावर ठरते. घर बायकोच्या नावावर करून, दागिने मेहुण्याकडे ठेवून कोर्टात हात वर करणे, हे अदिन्नादानही आहे आणि मुसावादही. जे आहे ते सगळे उघड मांडणे आणि मग ‘यापुढे माझी शक्ती नाही’ म्हणणे, यात शीलभंग नाही. आणि गंमत बघा, कायदाही अगदी हेच मागतो.

म्हणून तयारी अशी करायची.

एक, यादी. कोणाचे किती, केव्हा घेतले, व्याज किती, आतापर्यंत दिले किती, कागद काय, जामीन कोण. भिशीचे देणे, मेव्हण्याचे हातउसने, दुकानाची उधारी, सगळे त्यात. अर्जात घेणेकऱ्यांची नावे-पत्ते आणि आपल्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. काही लपवले तर अर्जच अंगावर येतो.

दोन, मालमत्ता हलवायची नाही. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा नावापुरत्या किमतीत केलेले व्यवहार कोर्टाला रद्द करता येतात.

तीन, एकाला झुकते माप नाही. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत, बाकीच्यांना डावलून भावाचेच पैसे फेडले, तर तेही उलटू शकते.

चार, जुने फेडायला नवे काढायचे नाही. एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटाच्या कर्जातून भरणे म्हणजे खड्डा बुजवायला शेजारी खड्डा खणणे.

पाच, हिशेबाची वही. देणेमुक्तीचा हुकूम देताना कोर्ट बघते की माणूस आजारपणाने, नोकरी गेल्याने बुडाला, की सट्ट्याने आणि उधळपट्टीने. दवाखान्याची बिले, कामावरून काढल्याचे पत्र जपून ठेवा.

यात जाते काय आणि राहते काय? मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, तिची व्यवस्था रिसीव्हर बघतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, प्रॉव्हिडंट फंड, मजुराची आणि घरकाम करणाऱ्या बाईची मजुरी यांना हात लागत नाही. नोकरदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे १९,००० पगार असेल तर फार तर ६,००० वर जप्ती येऊ शकते. नादार ठरल्यावर घेणेकऱ्याला कोर्टाच्या परवानगीशिवाय वेगळा दावा लावता येत नाही.

काही गोष्टी मात्र सुटत नाहीत. सरकारी देणे, फसवणुकीने घेतलेले कर्ज, बायकामुलांची पोटगी ही राहतात. गहाण ठेवलेल्या सोन्यावर आणि घरावर त्या-त्या बँकेचा हक्क राहतो. जामीनदारही सुटत नाही, आणि हे दुखणे मोठे आहे. आपण सुटलो आणि जामीन राहिलेला मित्र अडकला, तर त्याला तोंड कसे दाखवणार? म्हणून जामीनदाराला आधी घरी बोलावून सांगा. नादारी संपेपर्यंत ती न सांगता ५० रुपयांचीही उधारी घेणे गुन्हा आहे. निवडणूक लढवता येत नाही. पुढे बँक कर्ज द्यायला कचरते. म्हणून नादारी हा शेवटचा दरवाजा. त्याआधी एकरकमी तडजोडीचा प्रयत्न करा. तडजोड लेखी घ्या आणि पैसे भरल्यावर ‘काही बाकी नाही’ असे पत्र घेतल्याशिवाय उठू नका. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिच्यावर अपील नसते. तेव्हा झेपेल तेवढ्याच हप्त्यावर सही करा.

वकिलाला पैसे कुठून आणायचे? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचे हक्क मिळाले, हे आपल्याला ठाऊक आहेच. जिल्हा किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात अर्ज करायचा. तो लिहून द्यायला आम्ही आहोत.

शेवटचे दोन शब्द घरच्यांसाठी. कर्ज एकाने काढले तरी तगादा सगळे घर भोगते. नवऱ्याने बायकोपासून, बायकोने नवऱ्यापासून लपवलेले कर्ज सगळ्यात लवकर वाढते. मुलांना ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असे शिकवू नका, त्यांच्या शीलाचा पहिला तडा तिथे जातो. आणि मुलांनो, बापाचे कर्ज तुमच्या डोक्यावर वारसाने येत नाही. त्याच्या मागे जी मालमत्ता तुमच्याकडे आली, तेवढ्यापुरतीच जबाबदारी असते. शेजाऱ्यांनीही वसुलीवाला आला की दार लोटून घ्यायचे नाही. बाहेर येऊन नुसते उभे राहिलात तरी पुष्कळ.

अनाथपिंडकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, कोणाचे देणे नसण्याचे आणि निर्दोष आचरणाचे. त्यांत चौथे सुख श्रेष्ठ मानले. तिसरे सुख आज ज्यांच्या हाती नाही, त्यांनी चौथे सोडू नये. खरी यादी, उघड वही आणि सरळ बोलणे असेल, तर तिसऱ्याची वाट पुन्हा सापडते. येत्या रविवारी पिशवी घेऊन या. मागे वळून बघायची गरज नाही, कारण मागे बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरीही तशीच पिशवी आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.